अजिंठ्याची लाख आणि भीमगीतांची कॅसेट

भीमगीतांच्या जुन्या कॅसेट आता कशासाठी जपायच्या, असा प्रश्न विचारणारे लोक या संगीताचे विरोधक नसतात. त्यांतले बहुतेक जण ही गाणी ऐकतच मोठे झालेले असतात, आणि त्यांचे म्हणणे वरवर पाहता रास्तही वाटते. गाणी यूट्यूबवर आहेत, मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात भरून मिळतात, १४ एप्रिलला लाउडस्पीकरवर वाजतात, वामनदादा कर्डकांची गीते पुस्तकांत छापलेली आहेत. मग एखाद्या जीर्ण कॅसेटमधला आवाज मोठमोठ्या, काहीही न गाळणाऱ्या म्हणजे लॉसलेस फाइलींत उतरवण्याचा खटाटोप कशाला? तो तर महागडे हेडफोन वापरणाऱ्या हौशी लोकांचा शौक. वस्तीवस्तीत गायलेल्या गाण्याला त्याची काय गरज? हे मत मला साफ चुकीचे वाटते. ऐकण्याची प्रत आणि जतनाची प्रत या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि या मताचा सगळा डोलारा त्या दोन्ही एकच मानण्यावर उभा आहे.

आधी ऐकण्याची प्रत, म्हणजे एमपीथ्री, काय असते ते पाहू. सीडीवरचा आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला असतो आणि प्रत्येक मोजमापाला १६ बिट दिलेले असतात. दोन्ही चॅनेल मिळून सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट होतात. मेमरी कार्डात सर्रास आढळणारी १२८ किलोबिटची एमपीथ्री त्याच्या अकराव्या हिश्श्यात बसते. उरलेले दहा हिस्से जातात कुठे? काही भाग हुशार गणिताने आटोपशीर लिहिला जातो, पण बराचसा कायमचा टाकून दिला जातो. एका मोठ्या आवाजाच्या सावलीत त्याच्या आसपासचे बारीक आवाज आपल्या कानाला जाणवत नाहीत, या शोधावर ही पद्धत उभी आहे. जे जाणवणार नाही ते ठेवायचे कशाला, असा तिचा हिशेब. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले हे काम खरोखरच असामान्य आहे. त्यामुळेच गाणे खेड्यातल्या स्वस्त फोनपर्यंत पोहोचले. चांगल्या दर्जाची, ३२० किलोबिटची एमपीथ्री आणि मूळ आवाज यांतला फरक बहुतेक श्रोत्यांना डोळे बांधून ओळखता येत नाही, हेही मी बिनशर्त मान्य करतो. माझा वाद कानाशी नाहीच. प्रश्न असा की आज, या कानासाठी, या कामासाठी जे निरुपयोगी ठरले, ते पन्नास वर्षांनंतरच्या माणसासाठीही निरुपयोगीच असेल, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला छत्रपती संभाजीनगर या आमच्या शहराने फार लांब जायला नको. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या डागडुजीसाठी लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना आणले. त्यांनी सुटत चाललेला गिलावा भिंतीला पक्का बसवला आणि चित्रांवर लाखेचे पारदर्शक लेपन दिले. त्या दिवशी चित्रे उजळून निघाली असणार. त्या काळाच्या ज्ञानाप्रमाणे काम चोख होते आणि हेतू निर्मळ होता. पण लाख काळाबरोबर पिवळी पडली, काळवंडली. तिच्यावर धूळ आणि काजळी बसली, आणि पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना कित्येक दशके ती हलक्या हाताने उतरवत बसावे लागले. जतनशास्त्र यातून जे शिकले ते असे: आज जे कराल ते उद्या उलटवता आले पाहिजे. पुढच्या पिढीला अधिक कळेल, अधिक चांगली साधने तिच्या हाती असतील, तेव्हा तिचा रस्ता बंद करू नका. लाख निदान थोडीफार उतरवता तरी आली. एमपीथ्रीने जे गाळले ते कोणत्याही रसायनाने परत येत नाही. ज्या ध्वनिमुद्रणाची मूळ फीत संपली आणि एमपीथ्री तेवढी उरली, त्याच्यावरचा लेप कधीच निघणार नाही.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप तांत्रिक आहे आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा. कॅसेट मुळातच हलक्या दर्जाची, असे म्हटले जाते. सेकंदाला जेमतेम पावणेपाच सेंटिमीटर सरकणारी ती चिंचोळी फीत; तिच्यावर सततची सरसर; वरच्या पट्टीतले बारीक आवाज अर्धेमुर्धे; त्यातून स्वस्त फितीवर घाईघाईने डबिंग केलेले. अशा आवाजाला ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिटची फाइल म्हणजे मातीच्या घागरीला सोन्याचे झाकण, नाही का? ऐकायला पटते, पण गोष्ट नेमकी उलटी आहे. स्वच्छ स्टुडिओतला आवाज एमपीथ्रीला सोपा जातो. सरसर तिला फार जड जाते. सरसर म्हणजे कोणताही नियम नसलेला आवाज, त्यामुळे तो आटोपशीर लिहिता येत नाही. हाती असलेले मोजके बिट सरसर आणि गाणे यांच्यात वाटले जातात, आणि उणीव गाण्याच्या वाट्याला येते. पुढे कोणी ती सरसर संगणकावर काढायला गेले की आणखी एक गोष्ट कळते. सरसर काढणाऱ्या पद्धती तिचा स्वभाव एकसारखा असतो असे गृहीत धरून चालतात. एमपीथ्रीने तिचे तुकडे करून काही ठेवलेले, काही फेकलेले असतात. म्हणून साफसफाई केल्यावर गाण्यामागे पाण्याखालून आल्यासारखी खळखळ उरते. मोठ्या आवाजाच्या सावलीत लपेल म्हणून जे गाळले, त्याची जागा सावली हलवताच उघडी पडते. थोडक्यात, मुद्रण जितके खराब, तितकी पुढे दुरुस्तीची गरज जास्त, आणि तितकीच न गाळलेली प्रत अधिक आवश्यक.

तालवाद्यांची गोष्ट तर आणखी नाजूक आहे. एमपीथ्री आवाजाचे छोटे छोटे तुकडे पाडून प्रत्येकाचा हिशेब स्वतंत्रपणे मांडते. तुकड्याच्या मध्येच एकदम टणकन आघात झाला, तर त्या हिशेबातली चूक आघाताच्या आधीच्या शांततेतही सांडते. ध्वनितंत्रज्ञ याला प्री-एको म्हणतात, आणि तो तपासण्यासाठी स्पॅनिश कॅस्टनेटचे मुद्रण वापरण्याचा त्यांचा जुना प्रघात आहे, कारण लाकडावर लाकूड आपटल्याचा तो आवाज या पद्धतीची दुखरी नस दाबतो. आता हलगी आठवा, दिमडी आठवा, ढोलकीची चाट आठवा. भीमगीते गाणाऱ्या गायन पार्टीच्या सगळ्या संगीताचा कणाच असा टणक, कोरडा, एकदम उमटणारा आघात आहे. कमी बिटांच्या फाइलीत हलगीची धार बोथट होते. ती ऐकून आपण म्हणतो, जुने रेकॉर्डिंग आहे, असेच असायचे. दोष फाइलीचा, आणि ठपका मात्र त्या वादकावर आणि त्या काळावर.

दुरुस्ती कुठवर जाऊ शकते याचे उदाहरण ताजे आहे. जॉन लेननने १९७० च्या दशकाच्या अखेरीस घरी पियानोवर गायलेले एक कच्चे गाणे साध्या कॅसेटवर होते. १९९५ मध्ये बीटल्सच्या उरलेल्या तिघांनी त्यावर काम करून पाहिले आणि सोडून दिले. पियानो आणि घरघर यांच्यातून लेननचा आवाज वेगळा होईना. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये तेच गाणे जगभर प्रसिद्ध झाले, कारण दरम्यान संगणकाला एका मिश्रणातून एकेक आवाज वेगळा करायला शिकवण्यात आले होते. १९९५ साली जगातल्या सर्वांत श्रीमंत वाद्यवृंदालाही जे जमले नाही, ते पाव शतकाने जमले, आणि जमण्यासाठी कॅसेट शाबूत असावी लागली. प्रल्हाद शिंदे किंवा विठ्ठल उमप यांचा आवाज कर्कश लाउडस्पीकर आणि गर्दी यांतून एक दिवस असाच वेगळा काढता येणार आहे. पण त्या दिवशी हाती काय असेल?

दुसरा आक्षेप शब्दांचा. भीमगीत हे विचाराचे गाणे. त्याचे मोल शब्दांत, आणि शब्द तर छापून झाले आहेत. यात शब्दांबद्दलचा आदर खरा आहे, पण या परंपरेची ओळख अर्धवट आहे. १९३० च्या दशकातल्या आंबेडकरी जलशांपासून हे गाणे सभेत घडले आहे. वामनदादांनी (१९२२–२००४) दहा हजारांच्या आसपास गीते रचली असे सांगितले जाते. ती कागदापेक्षा कंठातून जास्त फिरली. कोणती ओळ दोनदा घेतली, कुठे थांबून लोकांकडे पाहिले, कोणत्या शब्दावर कोरसने उचल केली, कव्वालीच्या ढंगातला टाळीचा ठेका कुठे चढला, समोरच्या लोकांनी कशाला दाद दिली, हे छापील पानावर येत नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ मध्ये झाला आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या सोळा वर्षांतल्या सभांची मुद्रणे जिथे कुठे असतील, तिथे गायकाच्या आवाजाइतकाच श्रोत्यांचा आवाज हाही इतिहासाचा पुरावा आहे. आणि एमपीथ्रीच्या हिशेबात पहिली गदा त्याच आवाजावर येते: मागे, दूर, गाण्याच्या सावलीत बसलेल्या माणसांच्या आवाजावर. ज्या चळवळीने मागे बसवलेल्यांना पुढे आणले, तिच्याच ध्वनिमुद्रणांत मागे बसलेले ऐकू येऊ नयेत, हे मला सहन होण्याजोगे वाटत नाही.

शब्द आणि ध्वनी दोन्ही जपले की काय हाती लागते, तेही याच मराठवाड्यात पाहता येते. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी १९८० च्या दशकात जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या. एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या, आणि बर्नार बेल यांच्या सहभागानंतर त्यांतल्या अनेकींचे पद्धतशीर ध्वनिमुद्रण झाले. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे, माजलगावच्या भीमनगरात बाबासाहेबांवर ओव्या गाणाऱ्या बाया, यांचे शब्द नुसते कागदावर वाचले असते तर त्या नामवंत संग्राहकांच्या वहीतल्या ओळी होऊन राहिल्या असत्या. आवाज आहे म्हणून त्या माणसे आहेत. जात्याची घरघर, मध्येच घेतलेला श्वास, ओवीच्या शेवटी खाली सोडलेला सूर, यांतला गोंगाट कोणता आणि गाणे कोणते हे ठरवण्याची घाई तिथे कोणी केली नाही.

हे काम कंपन्या करतील, आपण कशाला, असेही म्हटले जाते. अमेरिकेतल्या निओ-सोल या प्रवाहाशी तुलना केली की या भरवशातली पोकळी दिसते. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून आणि सोल संगीतातून आलेला हा प्रवाह १९९० च्या दशकात बहरला. डी'अँजेलोचा ‘व्हूडू’ हा २००० सालचा अल्बम न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत चुंबकीय फितीवर मुद्रित झाला, आणि ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळणाऱ्या ड्रमसाठी त्याचे चाहते आजही कोणती आवृत्ती मूळ फितीशी अधिक इमानी आहे यावर तासन्‌तास वाद घालतात. वाद घालता येतो, कारण त्यांच्याकडे सीडी आहे, पुन्हा काढलेल्या तबकड्या आहेत, लॉसलेस फाइल विकत मिळते. भीमगीतांना हे भाग्य लाभले नाही. १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेटने बड्या ग्रामोफोन कंपनीची मक्तेदारी मोडली आणि लहान लहान कंपन्यांना प्रादेशिक गाणी काढणे परवडू लागले. पीटर मॅन्युएल यांनी ‘कॅसेट कल्चर’ या १९९३ च्या ग्रंथात ही उलथापालथ सविस्तर मांडली आहे. या लाटेने जे दिले त्याचे मोठे मोल आहे, पण त्या गाण्यांपैकी पुष्कळ कधी तबकडीवर आलीच नाहीत, सीडीवरही आली नाहीत. त्यांची मूळ आवृत्ती म्हणजे बाजारात विकलेली ती कॅसेटच. लहान कंपन्या बंद पडल्या की फिती कुठे जातात याचा हिशेब ठेवणारे कोणी नसते. आणि मोठ्या कंपन्यांचे म्हणाल, तर १ जून २००८ रोजी हॉलिवूडमध्ये युनिव्हर्सलच्या कोठाराला आग लागली. तिच्यात मूळ ध्वनिफितींचे किती नुकसान झाले याची चर्चा लोकांपर्यंत पोहोचली ती २०१९ मध्ये, आणि नेमका आकडा अजून वादात आहे. अजिंठ्याचीही तीच कथा. रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षे खपून केलेल्या बहुतेक चित्रप्रती १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या, त्यानंतर जे. जे. स्कूलच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह केलेल्या प्रतींपैकी पुष्कळ १८८५ च्या आगीने नेल्या. एका मालकाच्या एका कोठारावर विसंबणे म्हणजे काय, हे या जिल्ह्याला दोनदा कळलेले आहे.

खर्चाचा मुद्दा मात्र आता मुद्दा राहिलेला नाही. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, दोन चॅनेल या मापाने एका तासाच्या कॅसेटला सुमारे २ जीबी जागा लागते. फ्लॅक या लॉसलेस पद्धतीत तीच फाइल साधारण निम्म्याच्या आसपास येते, एकही बिट न हरवता. म्हणजे एक हजार कॅसेट एका दोन टेराबाइटच्या डिस्कवर मावतात, जी डिस्क आज लग्नसमारंभाचे चित्रीकरण करणाऱ्या कोणत्याही फोटो स्टुडिओत असते. तीन प्रती तीन ठिकाणी ठेवल्या तरी हा खर्च एखाद्या जयंतीच्या डीजेहून जास्त होणार नाही. हा श्रीमंतांचा शौक, या आरोपाचे उत्तरही इथेच आहे. लॉसलेस प्रतीतून हव्या तितक्या एमपीथ्री काढता येतात, फुकट वाटता येतात, फोनवर पाठवता येतात. एमपीथ्रीतून मूळ मात्र कधीच काढता येत नाही. श्रीमंतांच्या संगीताला पूर्ण प्रत आणि गरिबांच्या संगीताला चुरगळलेली प्रत पुरे, या विभागणीचे समर्थन निदान बाबासाहेबांचे नाव घेऊन तरी करू नये.

खरा खर्च वेळेचा आणि हातांचा आहे. एक तासाची कॅसेट एक तासच घेते. तिला घाई करता येत नाही. डेकच्या हेडचा कोन फितीशी स्क्रू फिरवून जुळवला नाही, तर वरच्या पट्टीतला आवाज तिथेच मरतो आणि नंतर कोणतीही फाइल तो परत देऊ शकत नाही. म्हणून मी फाइलीच्या आधी डेकचा आणि डेक दुरुस्त करणाऱ्या कारागिराचा विचार करतो. हे कारागीर कमी होत आहेत, सुटे भाग मिळेनासे झाले आहेत. युनेस्कोच्या ‘मॅग्नेटिक टेप अलर्ट’ प्रकल्पाने फिती वाजवण्याच्या साधनांसाठी धोक्याची सीमा म्हणून २०२५ हे साल सांगितले होते. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस ४८ किलोहर्ट्झच्या खाली न जाण्याची आणि शक्यतो ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट वापरण्याची आहे. सरसर आणि खरखर आधी जशीच्या तशी उतरवून घ्यावी, साफसफाई नंतर वेगळ्या प्रतीवर करावी, हेही तिचे सांगणे आहे. आणखी एक फसवणूक टाळायला हवी. एमपीथ्रीला उलटे फ्लॅकमध्ये बदलले की फाइल मोठी होते, नाव भारदस्त होते, पण गेलेला आवाज परत येत नाही. आलेखात १६ किलोहर्ट्झच्या वर कापल्यासारखी रेघ बहुधा दिसते आणि गोष्ट उघडी पडते. फ्लॅक फाइलीच्या पोटात तिच्यात उतरवलेल्या आवाजाचा एक गणिती ठसा साठवलेला असतो, ज्यामुळे तीस वर्षांनी एकही बिट बदललेला नाही ना हे तपासता येते. ही पद्धत खुली आहे, २००१ पासून वापरात आहे, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिला इंटरनेट मानकाचे लेखी रूपही मिळाले. म्हणजे एखादी कंपनी बुडाली तरी फाइल उघडण्याची किल्ली कोणाच्या खिशात जात नाही.

कायदाही आड येत नाही. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार प्रसिद्ध ध्वनिमुद्रणाचा हक्क साठ वर्षे टिकतो, त्यामुळे १९८५ ची कॅसेट २०४५ संपेपर्यंत संरक्षित राहील, आणि ती जगासमोर ठेवायची तर हक्कदारांची परवानगी लागेल, लागायलाच हवी. गायकांच्या आणि शाहिरांच्या घरांवर आधीच पुरेसा अन्याय झाला आहे. पण २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये एक दार उघडले आहे. बिगर-व्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत आधीपासून असेल, तर ते ती जतनासाठी डिजिटल रूपात साठवू शकते. या शहरात बळवंत वाचनालयासारखी जुनी सार्वजनिक ग्रंथालये आहेत, ज्यांच्याकडे पुस्तके दान देण्याची लोकांना सवय आहे. कॅसेटही दान देता येते. ती आली की वेष्टनाची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, गायक, कोरस, ढोलकी, हार्मोनियम, कंपनी, साल जे छापले असेल ते सगळे उतरवावे, मग फीत एकदा शेवटपर्यंत पुढे आणि एकदा मागे फिरवून सैल करावी, हेड पुसावा, कोन जुळवावा, आणि बाजू ‘अ’ सुरू करून मध्ये कुठेही न थांबता, गाण्यांमधल्या रिकाम्या जागांसकट, पूर्ण उतरवून घ्यावी.